सात सेकंद

जस्त सरत आलं तेव्हा साहेब म्हणाले,
काजितानी, तुला इथल्या वाटा ठाऊक आहेत,
फिती बदलायला राहा.
राहिलो.

डोक्यावर हजार मीटर दगड.
समोर टाकी, तीन हजार टन पाणी,
इतकं नितळ की माणसानं बोट बुडवलं तर
पाण्यालाच विटाळ व्हावा.
आत हजार काचेचे डोळे,
पापणीची सवय नसलेले.
कधीतरी एखादा प्रोटॉन मरेल, तो दिसावा म्हणून बांधलेलं हे सगळं.
मरणाची एवढी वाट पाहणारी माणसं
मी तोवर पाहिली नव्हती.

तेवीस फेब्रुवारी. बाहेर कमरेएवढा बर्फ.
दुपारचे साडेचार वाजून गेलेले,
मिनिटभर इकडे की तिकडे, सांगता येणार नाही,
आमचं घड्याळच चुकीचं होतं.
मी डब्यातला मुळ्याचा खार चघळत होतो.
काही झालं नाही.
फीत भरली, काढली, दुसरी लावली.

मग तोक्योहून कागद आला
आणि मिनामिदे नावाचं ते काटकुळं पोर
रुळांवरून धावत आलं, हेल्मेट न घालता.
बारा ठिपके.
नऊ पहिल्या दोन सेकंदांत, एकमेकांच्या अंगावर पडलेले.
मग सात सेकंद कोरे.
मग तीन.

एक तारा कोसळला, म्हणाला.
दीड लाखाहून जास्त वर्षांपूर्वी.
त्याचा गाभा आवळत आवळत
आपल्या तोयामा शहराएवढा झाला,
आणि आत कणांना कूस बदलायला जागा उरली नाही.
मग कणाच्या भिंती विरतात, म्हणाला,
एकाचं पोट दुसऱ्याच्या पोटात,
आतलं सगळं मोकळं, सरमिसळ,
आणि त्यात एक जात येते, तिचं नाव 'विचित्र'.
नाव ठेवणाराही दमला असेल.

आणि हे कोरं?
त्यानं बोट ठेवलं, उचललं.
कदाचित तेव्हाच आतलं द्रव्य पालटलं.
कदाचित गाभा आणखी एकदा खचला.
कदाचित काहीच नाही,
बारा ठिपक्यांनी काय सिद्ध होतं, काजितानीसान?

मला नदीकाठचं घर आठवलं.
आमच्याच खाणीचं पाणी पिऊन वाढलेला भात,
आणि तो भात खाऊन मऊ झालेली आई.
खोकली तरी बरगडी मोडायची.
डॉक्टर विचारायचा, कुठे?
ती म्हणायची, इताइ. दुखतंय.
मग गप्प.
मी तिच्या उशाशी बसून छताच्या फळ्या मोजायचो.
मग पुन्हा, इताइ.
पुढे त्या दुखण्याचं नावच तसं पडलं, दोनदा उच्चारलेलं.
मधल्या गप्पपणाला कुणी नाव दिलं नाही.
तिथेच काहीतरी होत असणार.
हाडाचं हाडपण
तिथेच कुठेतरी सुटत असणार.

महिन्याच्या महिन्याला मी तिला पैसे पाठवायचो.
खाणीचा पगार.

मिनामिदेला हे सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, आलं कुठून ते?
आकाशातून तर डोंगर आडवा.
तो हसला. वरून नाही, खालून.
तो तारा दक्षिणेकडचा, इथून दिसायचा नाही.
अख्खी पृथ्वी भेदून आले ते,
पाण्याला लागले फक्त बारा,
बाकीचे कोट्यवधी, अब्जावधी
तुमच्या-माझ्यातून गेले.

त्या रात्री गमबूट काढताना
पाय हातात घेऊन बराच वेळ बसलो.
घोटा, नडगी, गुडघा.
इथून गेले तर.
मुळ्याचा खार खात होतो तेव्हा
तळव्यांतून वर, मांडीतून, बरगड्यांतून,
एवढे सगळे,
आणि एक हाड मोडलं नाही.